शंभर दिवस शिंक नाही

लमुनच्या दारातली तुळस
माझ्याच दुकानाच्या टायरांत वाढलेली.
मागचं चाक, पुढचं चाक, एक ट्रकचं.
गुळगुळीत झालं की मी रस्ता ओलांडून टाकून यायचो,
ती त्यात कालव्याचा गाळ भरायची, वर भाताचं तूस.
लाल देठाचीच जात.
पांढऱ्या देठाचीला ती ‘पाहुण्यांची’ म्हणायची
नाक मुरडून.

थोनबुरीत आम्ही तिला काफ्राव म्हणतो.
दिवा लावत नाही, कढईत टाकतो.
एकदा पलीकडच्या बाजारातला हिंदू कापडवाला
पंक्चर काढायला थांबला,
टायर पाहून त्यानं चपला काढल्या, हात जोडले.
मला वाटलं, टायरालाच नमस्कार करतोय.
तेवढ्यात सांगियमची कढई पेटली
आणि तो शिंकत शिंकत
चपला हातात घेऊनच गाडीवर बसला.

सगळेच शिंकायचे.
मिरची आणि लसूण खलबत्त्यातून तेलात,
वर कोंबडीचा खिमा, माशाचं खारं पाणी,
आणि मूठभर तुळस:
लॉटरीवाली प्रानोम शिंकायची, तिकिटं उडायची,
शाळेतली पोरं, भिंतीवरची मांजर,
पाना हातात धरलेला मी.
शिंकलो की कळायचं, बारा वाजले.

वाटणी ठरलेली होती.
बाग तिची, कढई त्याची.
त्यानं टायरात हात घातला की ती ओरडायची,
तिनं झाऱ्याला हात लावला की तो.
रोज सकाळी भिक्खू वळणाआड गेले
की ती मंजिऱ्या खुडायला बसायची, नखानं.
कात्रीनं झाड रुसतं म्हणे.
‘फूल येऊ दिलंस की पान म्हातारं झालं बघ.’

सांगियम मार्चमध्ये गेला,
बाजारात, मिरचीचं पोतं उचलताना.
शटर खाली आलं.
लमुन सकाळी दारात बसायची
हात मांडीवर ठेवून,
आणि मंजिऱ्या येऊ दिल्या तिनं.
आधी जांभळ्या, मग भुरक्या, मग वाळून खडखडीत.
मधमाश्या आल्या, बिया पडल्या.
मी टायर टाकायला गेलो नाही.
काय बोलणार होतो?

पावसानंतर माझ्या दुकानात,
जिथं इंजिनाचं तेल सांडून सांडून
सिमेंट काळं झालंय त्या भेगेत,
एक रोप.
चुरडून वास घेतला. तीच.
फुटक्या हेल्मेटात लावलं.
भेगेतलं रोप पाणी घालूनही
मरेल असं वाटलं होतं, पण वीतभर झालं,
मग हातभर. देठ लाल.

तिच्या घरी शंभराव्या दिवसाचं दान झालं
त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टोव्ह पेटवला.
गॅरेजमधला, सुटे भाग धुवायच्या टेबलावर.
तेल, लसूण, सगळं आलं तसं. तुळसही पहिलीच टाकली.
काळा धूर, करपट वास. शिंक एकही नाही.

रस्त्यापलीकडून लमुन उठली.
हातात त्याचा झारा.
काही बोलली नाही, माझी कढई गटारात उपडी केली,
पुसली, पुन्हा चढवली.
मला वाटलं, हिला काय येतं?
तिनं डोळे मिटले.
कढईकडे कान.
तीस वर्षं भिंतीपलीकडून तिनं ही कढई
ऐकलेली होती फक्त.
चुरचुर मोठी होती तोवर थांबली,
आवाज जरा बसला, ओलसर झाला,
तशी म्हणाली, ‘आता खिमा.’
मग पुन्हा कान.
‘आता गॅस बंद.’
आणि बंद गॅसवर
माझ्या हेल्मेटातली सगळी पानं.

आधी मांजर.
मग प्रानोम, तिकिटं धरायला धावली.
मग वरच्या मजल्यावरचा कोणीतरी, ओळीनं तीनदा,
मग मी.

तिनं बोटानं चाखलं.
‘खारट झालं,’ म्हणाली. ‘त्याचंही व्हायचं.’

जाताना हेल्मेटापाशी वाकली.
एकुलती एक मंजिरी आली होती शेंड्याला,
मला दिसलीही नव्हती.
नखानं खुडली, खिशात टाकली,
आणि मागं न बघता विचारलं,
ट्रकचं टायर आहे का एखादं.